चहाच्या डब्यातलं बियाणं

आम्ही तोक्योतल्या फुनाबोरीला राहायला गेलो त्याच्या तिसऱ्या आठवड्यात दारावरची घंटा वाजली. दारात घरमालक उभे. घरमालकाला तिथे ओया-सान म्हणतात, आणि मी शेवटपर्यंत त्यांना तेच म्हणत आले. त्यांच्या हातात वर्तमानपत्राचा तुकडा होता आणि त्यावर लिंबाच्या नऊ बिया, धुऊन पुसून ओळीत मांडलेल्या. सकाळीच मी कचऱ्यात टाकलेल्या. ते बराच वेळ काहीतरी समजावत होते आणि मी कमरेत वाकून 'हाय, हाय', म्हणजे 'हो, हो', म्हणत होते. शेवटी त्यांनी कागद माझ्या हातात ठेवला, त्यावर एक चिठ्ठी ठेवली आणि जिना उतरून गेले.

कचऱ्याचा कुठला तरी नियम आपण मोडला, एवढंच मला कळलं. जळणारा कचरा वेगळा, न जळणारा वेगळा, बाटल्या वेगळ्या, हे मी पहिल्याच आठवड्यात घोकून ठेवलं होतं. लिंबाच्या बिया कुठल्या बाजूच्या, ते काही सुचेना. संध्याकाळी नवऱ्यानं ऑफिसातून आल्यावर डिक्शनरी घेऊन चिठ्ठीचा अर्थ लावला. त्यात लिहिलं होतं : 'या बिया जिवंत आहेत. जिवंत वस्तू जळणाऱ्या कचऱ्यात टाकू नयेत.'

"म्हणजे कुठल्या कचऱ्यात टाकायच्या?" मी विचारलं.

"ते नाही लिहिलेलं," नवरा म्हणाला.

ही नव्वदीच्या मधली वर्षं. डोंबिवलीच्या शाळेतली भूगोलाच्या बाईची नोकरी सोडून मी नवऱ्यामागे तोक्योला गेले होते. आज त्या भागात आपली पुष्कळ मंडळी आहेत म्हणतात. तेव्हा आमच्या स्टेशनावर दुसरा भारतीय चेहरा दिसला की आठवडाभर त्याचीच चर्चा. नवरा सकाळी आठला जायचा. मग मी, दोन खोल्या आणि न कळणारा टीव्ही.

ओया-सान तेव्हा सत्तरीच्या आसपास असतील. बुटके, रुंद, पायात कायम रबरी चपला. आयुष्यभर त्यांनी तातामी विणली, म्हणजे जपानी घरात जमिनीवर घालतात त्या जाड गवती चटया. दोरा कोपरानं दाबून ओढावा लागतो, त्यामुळे त्यांच्या उजव्या कोपराला टाचेसारखा घट्टा पडला होता. तो ते अभिमानानं दाखवायचे. मुलगी लग्न होऊन उरायासुला गेलेली, बायको जाऊन बरीच वर्षं झालेली. धंदा बंद केल्यावर इमारतीच्या तळमजल्यावरच्या कारखान्यात त्यांनी बिया मांडल्या.

मांडल्या म्हणजे अक्षरशः मांडल्या. चटया शिवायच्या लांब फळीवर बशाच बशा. प्रत्येक बशीला ब्रशनं लिहिलेली पट्टी. भोपळा, पर्सिमॉन, लोकाट, युझू नावाचं जपानी लिंबू, कलिंगड, मी टाकलेली पपई. रोपं वाढवण्यात त्यांना फारसा रस नव्हता. रोप हाताएवढं झालं की ते कुणालाही देऊन टाकत. अख्ख्या गल्लीच्या पायऱ्यांवर त्यांची पोरकी झाडं उभी होती. त्यांना पाहायचा असायचा तो फक्त पहिला मोड. त्यानंतरचं काम सूर्याचं, त्यात मी कशाला, असं म्हणायचे.

मोड आणण्याच्या त्यांच्या चार पद्धती होत्या. कागद, पाणी, माती आणि पोट. कागद म्हणजे दोन बशांच्या मध्ये ओला टिश्यू. पाणी म्हणजे काचेच्या पेल्यात एक रात्र भिजवणं. माती म्हणजे माती. आणि पोट म्हणजे जपानी म्हातारे कमरेला लोकरी पट्टा घालतात, त्याच्या आत ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या बिया. चारही पद्धतींना दहा दहा बिया मिळायच्या, एकीलाही कमीजास्त नाही. कुठल्या दिवशी किती उगवल्या याची नोंद चौकटीच्या वहीत. रविवारी सकाळी निकाल. निकाल ऐकायला माझ्याशिवाय कुणी नसायचं, पण ते घसा साफ करून उभे राहूनच वाचायचे.

माझं जपानी असं त्या फळीपाशी सुरू झालं. पोस्ट आणि बँक या शब्दांच्या आधी मला मूळ, साल, बुरशी हे शब्द आले. चुकलं की ते वाक्य पुन्हा म्हणायला लावत, तीनदा, चारदा, शाळेतल्या पोराला लावावं तसं. सहा वर्षं मी दुसऱ्यांना लावलं होतं, त्यामुळे राग येत नसे.

बियांबद्दल त्यांची मतं ठाम होती. घाई करणारं बी त्यांना आवडत नसे. मूग त्यांच्या लेखी अगदीच खालच्या दर्जाचा. "पाणी दाखवलं की उठतो," म्हणायचे, "त्याला स्वाभिमान नाही." पर्सिमॉनबद्दल मात्र ते हळू आवाजात बोलत. एखादं बी महिनाभर ढिम्म राहिलं तरी ते फेकत नसत. पट्टी फक्त बदलायची. आधी लिहिलेलं असायचं, 'झोपलेलं'. नंतर लिहायचे, 'गाढ झोपलेलं'. 'मेलेलं' असं लिहिलेली पट्टी मी एकदाही पाहिली नाही.

त्यांच्या मुलीनं मला सांगितलेली गोष्ट अशी. तिच्या लग्नात, ऐन विधी चालू असताना, वडिलांचा चेहरा एकदम उजळला. नवऱ्याकडच्या लोकांना वाटलं, बाप भारावून गेला. तेवढ्यात यांनी किमोनोच्या आत हात घातला, पुरचुंडी बाहेर काढली, उघडून पाहिली आणि शेजारी बसलेल्या व्याह्यांना दाखवली. मॉर्निंग ग्लोरीला मोड आले होते. "सासरे अजून तेच सांगतात," मुलगी म्हणाली. तिला त्यात काही गंमत वाटत नव्हती.

मी त्यांच्या वहीत शिरले ती मटकीमुळे. मूग उएनोच्या बाजारात मिळायचे, पण मटकी आई पुण्याहून येणाऱ्याजाणाऱ्याबरोबर पाठवायची. जूनमधल्या एका सकाळी ओया-सान गॅसचा गीझर बघायला वर आले. नळाला माझी पंच्याची पुरचुंडी टांगलेली होती. ते गीझर विसरले.

"हे काय?"

"जेवण," मी म्हटलं. मोडाला जपानीत काय म्हणतात ते येत होतं, पण उसळीला काय म्हणायचं ते कळेना.

त्यांनी बोटानं पुरचुंडी दाबली. मग स्वयंपाकघराच्या जमिनीवर मांडी घालून बसले आणि बराच वेळ तिच्याकडे बघत राहिले. रात्रभर भिजवायचं, पाणी पूर्ण निथळायचं, घट्ट बांधायचं, नंतर ऊब मिळेल अशा जागी ठेवायचं, मी सांगत गेले. ऊब म्हणजे आमच्याकडे फ्रिजच्या माथ्यावर. दुसऱ्या दिवशी ते वही घेऊन आले. मूठभर मटकी मागून नेली आणि खाली चारही पद्धतींना वाटून दिली. वर माझी पुरचुंडी.

दुसऱ्या सकाळी माझ्या मटकीचे मोड पंच्याच्या विणीतून बाहेर आले होते. त्यांच्या कागदावर नुसती टरफलं फुगली होती आणि पाण्यातल्या मटकीला वास येत होता. पोटावरची मात्र बऱ्यापैकी जमली होती. रविवारी निकाल वाचून झाल्यावर त्यांनी माझ्या पुरचुंडीला कमरेतून वाकून नमस्कार केला. वहीत पाचवा रकाना आखला आणि त्यावर कताकाना लिपीत लिहिलं : पुरुचुन्दी.

मला झालेला आनंद सांगते. त्या देशात आल्यापासून मला येणारी कुठलीही गोष्ट कुणाच्या कामाची नव्हती. ट्रेनचं तिकीट मशीनमधून काढतानाही मागचा माणूस मदत करायचा. आणि इथे माझ्या आईनं शिकवलेली पुरचुंडी पहिली आली होती.

आठ दिवसांनी ते एक चहाचा जुना पत्र्याचा डबा घेऊन वर आले. आत करड्या रंगाच्या, मिऱ्यांहून लहान, चकचकीत बिया. त्यांच्या मोठ्या भावाच्या घरच्या. भाऊ डोंगरातल्या गावी शेती करायचा, त्या हिवाळ्यात गेला होता. चारही पद्धतींनी करून झालं, एकही उठलं नाही, म्हणाले. तुमच्या पद्धतीनं बघता का?

"कसलं बी आहे?"

"आसा," ते म्हणाले. "याच्या दोऱ्यानं मी आयुष्यभर तातामी विणली."

मी डिक्शनरीत पाहिलं. आसा म्हणजे हेंप. आणि हेंप म्हणजे काय, ते मला डिक्शनरीनं सांगायची गरज नव्हती. डेक्कन हेंप म्हणजे अंबाडी, हे मी सहा वर्षं सातवीच्या वर्गाला शिकवलं होतं. दोरखंडांसाठी उपयुक्त, दख्खनच्या पठारावर होते. मला तर पहिल्यांदा भाजीच आठवली, वरून लसणाची फोडणी घातलेली. इथे अंबाडी उगवली तर काय बहार येईल, या विचारात मी डब्यातल्या बिया भिजत घातल्या.

चार दिवस मी ती पुरचुंडी जपली. सकाळ-संध्याकाळ पाणी शिंपडायचं, पुन्हा बांधायचं. ओया-सान दिवसातून दोनदा जिना चढून यायचे, पण उघडा म्हणायचे नाहीत. दाराशी उभे राहून नुसते फ्रिजच्या माथ्याकडे बघायचे. पाचव्या सकाळी मी फडकं सोडलं. बहुतेक बिया मऊ पडून काळ्या झाल्या होत्या. दोन बियांना मात्र पांढरी शेपटी फुटली होती.

मी खाली जाऊन तळहात पुढे केला. त्यांनी चष्मा लावला, काढला, पुसला, पुन्हा लावला. दोन्ही मोड मातीच्या कुंडीत लावले, फळीच्या अगदी मागच्या बाजूला, खिडकीपासून दूर. एरवी मोड आला की त्यांचा रस संपायचा. त्या कुंडीपाशी मात्र ते रोज बसू लागले.

पुढच्या आठवड्यात नवरा ऑफिसातून लवकर घरी आला. बूटही न काढता दारातच उभा राहिला.

"अगं, ते खालचं अंबाडीचं रोप आहे ना, ते अंबाडीचं नाही."

"मग?"

"जेवताना सहज ऑफिसातल्या तानाका-सानना सांगितलं, बायकोनं आसा उगवलाय म्हणून. त्यांनी चॉपस्टिक्स खाली ठेवल्या. ते भांगेचं झाड आहे. गांजा. इथे परवाना नसताना एक रोप लावलं तरी तुरुंग."

मी खुर्चीवर बसले. पुढच्या महिन्यात आमच्या व्हिसाचं नूतनीकरण होतं. नवरा म्हणत होता, कंपनी हात वर करील, पुन्हा या देशात पाऊल टाकता येणार नाही, आईबाबांना काय सांगायचं. मला ऐकू येत होतं, पण डोळ्यांसमोर माझाच तळहात दिसत होता आणि त्यावरचे ते दोन मोड.

मी एकटीच खाली गेले. ओया-सान कुंडीपाशी बसले होते. दोन रोपांना प्रत्येकी चार पानं फुटली होती, करवतीच्या कडेची.

"तुम्हाला माहीत होतं?"

"होतं."

"मला का नाही सांगितलं?"

"सांगितलं असतं तर तुम्ही नाही म्हणाला असता."

"हो. म्हणूनच सांगायला हवं होतं."

त्यांनी मान खाली घातली. मग फळीवरून उतरून जमिनीवर गुडघे टेकून बसले आणि कपाळ चटईला लागेपर्यंत वाकले. वडिलांच्या वयाचा माणूस माझ्यासमोर तसा वाकलेला मला बघवेना, पण उठा म्हणायचंही मनात येईना, इतकी मी रागावले होते.

नंतर ते सांगू लागले. त्यांच्या गावात घरोघर आसा व्हायची. दोरखंड, चपलांचे पट्टे, देवळाला बांधायचे दोर, सगळं त्याचंच. उन्हाळ्यात पुरुषभर उंच पिकाची कापणी, सोललेला धागा उन्हात सोन्यासारखा दिसायचा. युद्धानंतर परवाना लागू लागला, मग दरवर्षी नवा अर्ज, मग एकेकानं सोडलं. भावाचं शेत गावातलं शेवटचं, त्यानंही काही वर्षांपूर्वी परवाना परत दिला. भाऊ गेल्यावर वहिनीनं घर आवरताना हा डबा यांच्या हातात ठेवला आणि सांगितलं, शहरात याची नीट विल्हेवाट लावा.

"मला फक्त बघायचं होतं," ते म्हणाले, "झोपलंय का. इतकंच."

"बघितलंत. आता उपटून टाका."

त्यांनी हात पुढे केला. रोपाच्या बुडाशी दोन बोटं धरली. तशीच धरून राहिले, मग सोडली.

"मला जमत नाही," म्हणाले. "ज्यांचं हे काम आहे, त्यांच्याकडे देतो."

सकाळी आठला ते राखाडी सूट घालून निघाले. एका हातात कुंडी, दुसऱ्यात डबा. नवरा त्या दिवशी ऑफिसला गेला नाही. खिडकीत उभा राहून म्हणाला, "हा म्हातारा आपल्याला बुडवणार." मी सायकल काढली. पोलीसचौकी स्टेशनच्या तोंडाशी, काचेच्या दाराची. समोरच्या पेयांच्या मशीनआड मी उभी राहिले. आत ओया-साननी कुंडी टेबलावर ठेवली. पोलीस आधी हसला. त्याला वाटलं असावं, कुणाची तरी हरवलेली कुंडी सापडली. मग ओया-सान काहीतरी बोलले आणि त्याचं हसू गेलं.

मी आत गेले नाही. पुरचुंडी माझी होती, फडकं माझं होतं, मोड माझ्या फ्रिजवर आले होते. तरी गेले नाही.

अकराच्या सुमारास दोन साध्या कपड्यांतले अधिकारी आणि तो पोलीस त्यांना घेऊन कारखाना बघायला आले. मी जिन्याखाली सायकलला कुलूप लावत होते, की लावल्यासारखं करत होते. त्यांनी फळीवरच्या शंभर बशा एकेक करून पाहिल्या. वही चाळली.

"इथलं पान फाटलंय," एक जण म्हणाला.

"भिजलं होतं," ओया-सान म्हणाले. त्या वहीतलं पान त्यांनी कधी दुमडलेलंही मी पाहिलं नव्हतं.

"कुठल्या पद्धतीनं उगवलं म्हणालात?"

"पोटावर." त्यांनी शर्ट वर करून लोकरी पट्टा दाखवला. तिघांनीही तो गंभीरपणे पाहिला.

मग त्या अधिकाऱ्यानं माझ्याकडे वळून विचारलं, "ओकुसान, तुम्हाला याबद्दल काही माहीत आहे?" ओकुसान म्हणजे बाईसाहेब, घरची गृहिणी. प्रश्नातला शब्द न् शब्द मला कळला. त्यातल्या निम्म्याहून अधिक शब्द मला ओया-साननीच शिकवले होते.

मी तोंड उघडायच्या आत ते म्हणाले, "त्या परदेशी आहेत. त्यांना भाषा येत नाही."

अधिकाऱ्यानं माझ्याकडे बघून मान हलवली. मीही हसून मान हलवली, भाषा न येणारी माणसं हलवतात तशी.

कुंडी आणि डबा ते घेऊन गेले. नंतर ओया-सानना दोनदा बोलावणं आलं. एक लांबलचक माफीपत्र हातानं लिहून द्यावं लागलं. परवानाधारकाच्या घरचा माणूस, वय झालेलं, आपण होऊन आलेला, म्हणून ताकीद देऊन सोडलं. मुलगी उरायासुहून आली आणि जिन्यात ऐकू येईल इतक्या मोठ्यानं बोलून गेली. गल्लीतल्या पायऱ्यांवरची त्यांची काही झाडं दुसऱ्या दिवशी त्यांच्या दाराशी परत आलेली दिसली. कोण देऊन गेलं, हे त्यांनी विचारलं नाही. ती झाडं उचलून आत घेतली, एवढंच.

आमचा व्हिसा झाला. तानाका-साननी तो विषय पुन्हा काढला नाही. ओया-सान मात्र वर यायचे थांबले. लिंबाच्या बिया मी मुद्दाम कचऱ्यात टाकून पाहिल्या, परत आल्या नाहीत. महिना गेला. रविवारची सकाळ आली की मी घर झाडायची, पुन्हा झाडायची. नवरा म्हणाला, "जा खाली, नाहीतर जमीन झिजेल."

मी वाटीभर मटकीची उसळ घेऊन खाली गेले. फळी रिकामी होती. बशा धुऊन एकावर एक रचून ठेवलेल्या. त्यांनी उसळ चमच्यानं खाल्ली, तिखटानं डोळ्यांतून पाणी आलं, तरी संपवली.

"तुम्ही का खोटं बोललात?" मी विचारलं. "मी सांगणार होते." मी खरंच सांगणार होते की नाही, हे मला आजही माहीत नाही.

"सांगितलं असतंत," ते म्हणाले. "तुम्ही शिक्षिका आहात." मग वाटी खाली ठेवून म्हणाले, "मला एक मदत हवी आहे. वहिनीकडे जायचंय. डबा सरकारनं नेला, माफी मागायला हवी. एकट्याला भीती वाटते."

सप्टेंबरमधल्या एका शनिवारी आम्ही तिघं गेलो. दोन ट्रेन, एक बस, मग चढण. वहिनी ऐंशीच्या पुढच्या, काटकुळ्या, कमरेत काटकोनात वाकलेल्या. ओया-सान त्यांच्यासमोर गुडघे टेकून बसले आणि सगळं सांगितलं. मीही सांगितलं, माझ्या मोडक्यातोडक्या जपानीत, की मोड मी आणले. त्या घरात तरी मला ते सांगायचं होतं. वहिनींनी आम्हा दोघांकडे आळीपाळीनं पाहिलं आणि बोलायला लागल्या. त्यांची बोली मला अजिबात कळेना. मी ओया-सानकडे पाहिलं. मग ते त्यांच्या वहिनीचं बोलणं मला सोप्या जपानीत सांगू लागले, एकेक वाक्य.

"ती म्हणते, डब्याचं काही वाटत नाही. जळणारा कचरा होता."

वहिनी पुन्हा बोलल्या.

"ती मला म्हणते, तू पंधराव्या वर्षी गाव सोडलंस, तुला आसातलं काय कळतं." वहिनी बोलतच होत्या. "ती म्हणते, ऑगस्टमध्ये सोलणी असायची तेव्हा घराला कुजका वास यायचा. अंगाला, केसांना, भाताला. लग्न होऊन आली त्या पहिल्या वर्षी ती माहेरी पळून गेली होती. हे मला माहीत नव्हतं."

वहिनींनी स्वतःचे हात वर धरले आणि काहीतरी हळू म्हणाल्या. बाहेर कुणीतरी यंत्रानं गवत कापत होतं, त्याचा आवाज येत होता.

"ती म्हणते, आमच्या आईच्या, म्हणजे तिच्या सासूच्या, हातांना भेगा पडायच्या. पाण्यात सोलून सोलून. जेवताना आई हात टेबलावर ठेवायची नाही, एप्रनखाली ठेवायची. मुलांनी पाहू नये म्हणून." त्यांनी स्वतःचे हात मांडीवरून खाली घेतले. "खरं आहे. एप्रन निळं होतं. आई आधी आम्हाला जेवू द्यायची, मग आमची पाठ वळली की खायची. मला वाटायचं, तिला भूक नसते."

त्यानंतर त्यांनी भाषांतर केलं नाही. वहिनी बोलत राहिल्या, ते ऐकत राहिले, दोघंही मधूनमधून डोळे पुसत होते. नवरा आणि मी बाहेर ओट्यावर जाऊन बसलो. भावाच्या शेतात आता दुसऱ्या कुणीतरी सोबा, म्हणजे शेवयांचं धान्य, पेरलं होतं. पांढरी फुलं गुडघ्याएवढ्या उंचीवर डोलत होती. थोड्या वेळानं ओया-सान येऊन आमच्या शेजारी उभे राहिले. शेतात उतरतील असं वाटलं, पण उतरले नाहीत. वहिनींनी दिलेली वांगी पिशवीत भरली आणि बस चुकेल म्हणाले.

परतीच्या ट्रेनमध्ये बराच वेळ ते खिडकीतून बघत होते. तोक्योची गर्दी सुरू झाली, तेव्हा एकदम माझ्याकडे वळले.

"ओकुसान, वहिनी आणखी एक सांगत होती. दादानं परवाना परत दिला ना, त्या दिवशी घरी येऊन तो साके प्यायला आणि अंगणात नाचला. एकटाच. शेजारी बघायला आले."

"आनंदानं?"

"आनंदानं." ते हसायला लागले. हसताना खांदे हलत होते, आवाज येत नव्हता. "सत्तर वर्षं मी त्याला ओळखत होतो. तो नाचतो, हे मला माहीत नव्हतं."

आणि मग स्टेशन येईपर्यंत ते मला विचारत राहिले, कसा नाचला असेल, हात वर करून की खाली ठेवून.